संगणकातील वाद्यवृंद आणि वाजविणाऱ्याचा श्वास

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी तरुणांच्या नव्या उद्योगांविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. जन्मभर मुलांकडून अक्षरे गिरवून घेणारे आम्ही मॅट्रिक झालेले शिक्षक. नव्या विद्येविषयी आम्ही काय सांगणार? परंतु आमच्याच घरी गेली काही वर्षे असा एक उद्योग चालला आहे आणि त्याच्याविषयी आमच्या हातून एक चूक घडली आहे. तीच आज आपणापुढे मांडतो.

आपला गुरव समाज देवाच्या पूजेबरोबर सनई, पखवाज आणि नगारा यांची सेवा पिढ्यान्‌पिढ्या करीत आला. आमच्या पुतण्याने मात्र यांपैकी एकही वाद्य हाती धरले नाही. तो युरोपीय पद्धतीच्या मोठ्या वाद्यवृंदाचे संगीत संगणकावर रचू लागला. आम्ही त्यास रागे भरलो. ‘ज्या घरात सनई वाजली तेथे हे लटके वादन कशास?’ असे चारचौघांत बोललो. मूल खाली मान घालून निघून गेले. विषय समजून न घेता निकाल देणे हा शिक्षकाचा मोठा दोष. तो आमच्या हातून घडला.

पुढे त्याच्याजवळ बसून आम्ही ही विद्या समजून घेतली. हिचे मूळ असे आहे : खरा वादक ध्वनिमुद्रणगृहात बसतो आणि आपल्या वाद्याचा एकेक स्वर वाजवितो, प्रथम अगदी हळू, मग मध्यम, मग जोराने. तोच स्वर लांबवून, तोडून, तार छेडून, गज थरथरवून पुनःपुन्हा मुद्रित केला जातो. या हजारो नमुन्यांचा संग्रह संगणकात भरतात. मग पट्टीवर बोट ठेवले की त्या वादकाने वाजविलेला तोच स्वर उमटतो. ही कल्पना अगदी कालची नव्हे. इंग्लंडात १९६३ साली मेलोट्रॉन नावाचे वाद्य निघाले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असे आणि स्वर सुमारे आठ सेकंदच टिके. १९७९ साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट हे संगणकीय यंत्र आले. १९८३ साली ‘मिडी’ ही निरनिराळ्या यंत्रांना एकमेकांशी बोलविणारी भाषा ठरली. पुढे व्हिएन्ना नगरीत हर्ब टुकमांडल या चेलोवादकानेच पुढाकार घेऊन संपूर्ण वाद्यवृंदाचा मोठा नमुनासंग्रह उभारला.

आमच्या पुतण्याने शिकवण्या करून पैसे साठविले व असा एक महागडा संग्रह घेतला. त्यावर त्याने पहिली रचना केली. आवाज खऱ्या वाद्यांचेच होते. तरीही ती रचना कानाला निर्जीव लागे. हे मुलासही कळत होते. ‘माझ्यात गुणच नाही,’ असे तो म्हणू लागला.

त्या सुमारास आमचे चुलते तात्या घरी आले होते. देवळात साठ वर्षे सनई वाजविलेला तो मनुष्य. त्यांनी ती रचना डोळे मिटून ऐकली. तीत ओबो या वाद्याची एक लांब चाल होती. ओबो म्हणजे सनईचा दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा. दोन्हींच्या तोंडाशी दुहेरी पत्ती असते. चाल संपल्यावर तात्यांनी विचारले, “बाळ, हा तुझा वाजविणारा श्वास केव्हा घेतो?”

मुलगा म्हणाला, “आजोबा, तो मनुष्य नाही. संगणक आहे.”

तात्या म्हणाले, “मग माणूस वाजवतोय असं ऐकणाऱ्याला का भासवतोस? भासवायचंच असेल तर त्याला श्वास घेऊ दे.”

बंधुभगिनींनो, या विद्येचे सारे मर्म त्या एका प्रश्नात आले. त्या दिवसापासून मुलाचा अभ्यास यंत्राकडून माणसाकडे वळला.

आम्ही भजनात पेटी वाजवितो, म्हणून पेटीचाच दाखला देतो. पेटीवर उजवा हात स्वर दाबतो; पण स्वरात जीव भरतो तो भाता हलविणारा डावा हात. संगणकाच्या पट्टीशेजारी एक लहानसे चाक असते व त्याला शून्यापासून १२७ पर्यंत पायऱ्या असतात. लांबविलेला स्वर वाजत असता ते चाक वरखाली केले की स्वर फुलतो आणि ओसरतो. नवशिका केवळ पट्ट्या दाबतो; भाता मुळीच हलवीत नाही. मग स्वर भिंतीसारखा सपाट उभा राहतो.

दुसरा दाखला आपल्या देवळांतला. आजकाल पुष्कळ ठिकाणी आरतीस विजेवर चालणारा नगारा व घंटा असते. तिचा ठोका चुकत नाही, तरी कान विटतो. कारण प्रत्येक ठोका तंतोतंत सारखा. हाताने वाजविलेल्या नगाऱ्याचे दोन ठोके कधी अगदी सारखे नसतात. म्हणूनच चांगल्या संग्रहात एकच स्वर पुष्कळ वेळा मुद्रित केलेला असतो आणि संगणक ते नमुने आळीपाळीने वाजवितो. शिवाय रचनाकाराने सारे स्वर मात्रेच्या रेघेवर काटेकोर बसवू नयेत. किंचित मागेपुढे राहू द्यावेत.

तिसरी गोष्ट वाद्यांच्या मर्यादेची. व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर मंद्र सप्तकातील पांढरी पाच. त्याखाली ते जात नाही. पाश्चात्त्य बासरी साधारणतः मध्य सप्तकातील पांढरी एकपर्यंत उतरते, आणि तेथे तिचा आवाज अगदी कोवळा असतो. संगणकावर तो कोवळा स्वर मोठा करून तुताऱ्यांच्याही वर चढविता येतो. पण प्रत्यक्षात तो कोणास ऐकूही जाणार नाही. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचा वाद्ययोजनेवरील ग्रंथ त्यांच्या पश्चात १९१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी असा हिशेब दिला आहे की, जोरात वाजत असता एक ट्रम्पेट दोन हॉर्नांच्या बरोबरीचा आणि एक हॉर्न दोन बासऱ्यांच्या बरोबरीचा. यंत्र हा हिशेब ठेवीत नाही. तो शिकणाऱ्याने ठेवावयाचा असतो.

मनुष्यबळाचाही हिशेब आहे. मोठ्या वाद्यवृंदात पहिल्या व्हायोलिनांचे सुमारे १६ वादक असतात. त्यांना चार स्वर एकदम वाजवावयाचे असतील तर ते चार-चार जणांत वाटून घेतात. संगणकावर त्याच समूहाच्या चार पट्ट्या दाबल्या की प्रत्येक स्वरावर सोळा, म्हणजे एकूण ६४ व्हायोलिने वाजू लागतात! आवाज भव्य होतो खरा, पण खोटा होतो. आमच्या पुतण्याने या चुका एकेक करून निस्तरल्या. खऱ्या वाद्यवृंदांची ध्वनिमुद्रणे ऐकत, स्वरलेखनाची पाने समोर ठेवून, दुसऱ्यांच्या रचनेतील आठ-आठ मात्रा त्याने शंभरदा उतरविल्या. आपण बाळबोध अक्षर असेच गिरविले नव्हते काय?

पालकांस आमची विनंती अशी की, आरंभी महागडे संग्रह घेऊन देऊ नयेत. २०२२ साली निघालेला म्यूझस्कोअर ४ हा कार्यक्रम व त्यासोबतची वाद्यवृंदाची ध्वनिसामग्री विनामूल्य मिळाली. नवशिक्यास तेवढे पुष्कळ आहे. पैसे उरलेच तर मुलास मुंबईस नेऊन खरा वाद्यवृंद एकदा तरी ऐकवावा. तेथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली स्थापन झाला आहे.

या यंत्राची दुसरीही बाजू आहे. गोव्यातील माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून आपले राग वाद्यवृंदात आणले. त्यांच्यासारख्या शेकडो वादकांच्या हातांनी हिंदी चित्रपटांचे संगीत समृद्ध झाले. पुढे सिंथेसायझर आले आणि त्यांतील अनेकांचे काम गेले. विजेच्या नगाऱ्यामुळे आपल्या घरांत जे झाले तेच हे. म्हणून यंत्र शिकणाऱ्याने हे ऋण विसरू नये. त्याच्या पट्टीखाली दुसऱ्या कुणाच्या तरी फुंकरीचा व मनगटाचा ठेवा असतो.

आता शेवटची गोष्ट. तात्यांच्या त्या प्रश्नानंतर मुलाने रात्रीच्या शांत वेळी त्यांच्या सनईचा एकेक स्वर मुद्रित केला; हळू, मध्यम, जोराने, प्रत्येक तीनदा. तात्यांनी दमून दमून तो ठेवा पुरा केला. गेल्या माघात ते निवर्तले. परवा मुलाने पट्टी दाबली आणि तात्यांचा षड्ज घरात घुमला. आमच्या वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पुढे मुलाने तात्यांची नेहमीची चाल वाजवून पाहिली. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना ते जी मींड घेत, ती काही येईना. स्वर मुद्रित केले होते, वाटा केल्या नव्हत्या. मुलगा म्हणाला, “काका, अजून दोन वर्षं त्यांच्याजवळ बसायला हवं होतं.”

म्हणून मंडळाकडे आमची एक मागणी आहे. आपल्या समाजात सनई व पखवाज वाजविणारी जी वडील मंडळी आज हयात आहेत, त्यांच्याजवळ एकेक तरुण बसवावा. त्याने त्यांचे स्वर मुद्रित करावेत, आणि त्याबरोबर निदान एक चाल आपल्या हाताने शिकून घ्यावी. या कामी मंडळाने ध्वनिग्राहकापुरती तरी मदत करावी. आमचा पुतण्या या कामास फुकट येईल, असे त्याने आम्हांस सांगितले आहे. ज्यास आम्ही चारचौघांत बोललो, त्याचे हे वचन चारचौघांतच आपणांस कळवितो.