गल्ली, नाती आणि मनाचे स्वास्थ्य

(सुवर्ण महोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विश्वस्तांनी 'समाज आणि मानसिक आरोग्य' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी बी.कॉम. झालेला कापडाचा व्यापारी. मानसशास्त्र माझा विषय नाही. परंतु चाळीस वर्षे गादीवर बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आहे. कापड अंग झाकण्यासाठी असते खरे, पण आमच्या दुकानातील निम्मा माल नात्यांसाठी जातो. आहेराचे पातळ, ओटीचा खण, मामाने भाचीला घ्यावयाची साडी, व्याह्यांचे टॉवेल-टोपी. गिऱ्हाईक ताका उलगडून पाहते तेव्हा डोळ्यांसमोर स्वतः नसते, दुसरे कोणी तरी असते. माणूस कोण आहे हे तो कोणाचा आहे यावरून ठरते, आणि ते धागे तुटले की मन उसवते. एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपल्या मराठवाड्याने याचा फार मोठा अनुभव घेतला आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद यांखाली हजारो माणसे गेली. येथील व्यापाऱ्यांनी पातळे, धोतरे, चादरी जमविल्या आणि त्या ट्रकबरोबर चौथ्या दिवशी मीही सास्तूरच्या बाजूस गेलो. तेव्हा माझे वय तेहतीस.

तेथे एका बाईंच्या हाती मी हिरवे पातळ ठेवले. त्यांनी ते नाकारले नाही. घडी न मोडता शेजारच्या मुलीच्या मांडीवर ठेवले. बाजूच्या आजी हळूच म्हणाल्या, "मालक गेले की हो तिचे." विधवेने हिरवे नेसू नये ही रूढी मला तेव्हाही मान्य नव्हती, आजही नाही. पण त्या क्षणी प्रश्न माझ्या मतांचा नव्हता. कोणते पातळ कोणासाठी हे ज्याचा धंदा, त्याने समोरच्या माणसास 'आपले कोण गेले?' एवढेही विचारले नव्हते. आम्ही कापड वाटीत होतो आणि ट्रक संध्याकाळपर्यंत रिकामा करावयाचा होता.

पुढे पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. शासन, जागतिक बँकेचे साहाय्य आणि अनेक सेवाभावी संस्था यांनी फार मोठे काम केले. त्यास कमी लेखण्याचा माझा अधिकार नाही. घरे जमिनीच्या मालकीप्रमाणे मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400 आणि त्यापुढे 750. रस्ते रुंद आणि सरळ. जुन्या गावात गल्ली भावकीची असे, भिंतीला भिंत लागून असे. नव्या गावात अनेक ठिकाणी शेजार क्षेत्रफळावरून ठरला.

काही वर्षांनी उधारीच्या वसुलीसाठी मी अशा एका नव्या गावी गेलो. आमचे जुने गिऱ्हाईक असलेले एक दुकानदार ओट्यावर बसले होते. म्हणाले, "घर पक्के आहे शेठ, आता भीती नाही. पण पूर्वी रात्री खोकलो तरी पलीकडून 'काय झालं?' म्हणून आवाज यायचा. इथं तो आवाज नाही." त्या दिवशी मी वसुलीचा विषय काढला नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जुन्या गावाचे गोडवे गाणे मला सोपे आहे, कारण माझे घर कोठल्याही गावात वेशीच्या आतच असते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले, त्यांना त्या रचनेची कितीशी ओढ असेल? गल्ली आधार देते, तशीच ती माणसाला त्याची पायरीही दाखवते.

त्याच भूकंपानंतर श्री. शांतिलालजी मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. वाघोली येथील त्यांचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मला त्यात विशेष वाटते ते हे की ती मुले एकेकटी कोणाच्या घरी दत्तक गेली नाहीत. एकाच भागातील, एकाच बोलीची मुले एकत्र राहिली, एकत्र शिकली. 'तुझे गाव कोणते' हे त्यांना कोणास समजावून सांगावे लागले नसेल.

समाज काय करू शकतो याचे हे उदाहरण आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेही. परंतु त्याच समाजाची दुसरी बाजू माझ्या स्वतःच्या घरात आहे. माझे थोरले बंधू आज या सभागृहात चौथ्या रांगेत बसले आहेत. त्यांची अनुमती घेऊन मी पुढील शब्द उच्चारीत आहे.

1999 साली ते दुकानात येईनासे झाले. समोरचे लोक आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे त्यांना वाटू लागले. रात्र-रात्र झोप नसे. दुसऱ्या शहरात त्यांना दाखल करावे लागले. डॉक्टरांनी निदान सांगितले, स्किझोफ्रेनिया. तो शब्द आमच्या घरात अकरा वर्षे कोणी मोठ्याने उच्चारला नाही. आम्ही समाजात सांगितले, "भाऊ सुरतेस असतात, तिकडची खरेदी पाहतात." कारण घरात चार मुली होत्या, दोन त्यांच्या आणि दोन माझ्या. परिचय मेळाव्यात काय सांगावयाचे, हा एकच प्रश्न आम्हांस दिसत होता.

औषधांनी त्यांना पुष्कळ आराम पडला. पण घरी परतल्यावर ते बोलणार कोणाशी? कोणी भेटले की सुरतेचे भाव विचारीत. म्हणून ते मागील खोलीत ताक्यांच्या घड्या घालीत बसू लागले. दरवर्षी क्षमापनेची तीनशे कार्डे मी पोस्टाने धाडीत असे आणि त्याच घरातील या एका माणसाकडे क्षमा मागावी असे मला एकदाही सुचले नाही.

त्यांना बाहेर काढले ते आमच्या पायरीवर मशीन टाकून बसणाऱ्या मास्तरांनी. रोज चार वाजता ते आत हाक देत, "बडे सेठ, चाय ठंडी हो रही." पहिले काही महिने उत्तर मिळत नसे. मग एके दिवशी भाऊ जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि काज-बटणाचे काम करू लागले. मी मास्तरांना बाजूस घेऊन सारे सांगू लागलो, तर ते हसले. "इतने साल सूरत में कोई रहता है क्या, छोटे सेठ?" सगळ्या बाजारास ठाऊक होते. लपविले ते फक्त आम्ही, आमच्यापासूनच.

2010 मध्ये धाकटीच्या सोयरिकीच्या वेळी आम्ही पाहुण्यांना खरे सांगितले. ती सोयरीक मोडली. हेही आज येथे सांगितले पाहिजे, नाहीतर खरे बोलणे फार स्वस्त आहे असा आपला गैरसमज होईल.

2015-16 साली देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यानुसार दर दहा प्रौढांमागे सुमारे एकास त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि अशांपैकी 70 टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. आम्हांस वाटे, हे आमच्याच घरात आले. याच प्रमाणाने पाहिले तर या सभागृहात किती घरे होतील, याचा हिशेब व्यापाऱ्यांना करून दाखविण्याची गरज नाही. आज घाटी रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेली-मानसची सेवा विनामूल्य आहे. आजारास औषधच लागते. चहा हा औषधाचा पर्याय नव्हे, आणि मास्तरही तसे कधी म्हणाले नाहीत. पण औषध घेऊन बरा झालेला माणूस परत यावयाचा कोठे, ती जागा डॉक्टर देऊ शकत नाहीत.

विश्वस्तांकडे माझी एक विनंती आहे. पन्नास वर्षांत आपण धर्मशाळा बांधली, शिष्यवृत्त्या दिल्या. आता आजारी माणसाच्या घरी जाणाऱ्या चार-पाच जणांचे एक मंडळ नेमावे. त्यांनी उपदेश करू नये, केवळ जाऊन बसावे. परिचय पुस्तिकेत खरे लिहिणाऱ्या घराला निदान या व्यासपीठावरील मंडळींनी तरी नाकारू नये. सुरुवात माझ्या नातवापासून करण्यास मी तयार आहे.

आणि तोपर्यंत, आमच्या दुकानाची वरची खोली दर रविवारी सकाळी 10 ते 12 उघडी राहील. बंधू तेथे असतील. ज्यांना बोलावयाचे आहे त्यांनी बोलावे, नाहीतर घड्या घालावयास ताके भरपूर आहेत. जिना अरुंद आहे, ज्येष्ठांनी सांभाळून यावे.

जय जिनेंद्र.