पाहुणे चित्रकार

हल्लीं चित्रकारांस, शिल्पकारांस व लेखकांस परदेशीं बोलावून कांहीं महिने तेथें ठेवून घेण्याची एक पद्धत रूढ झाली आहे. यजमान संस्था राहावयास खोली देते, काम करावयास जागा देते, बहुधा खर्चासही पैसा देते. पाहुण्यानें तेथें राहून आपलें काम करावें, एवढीच अपेक्षा. ह्यास 'रेसिडेन्सी' म्हणतात, आणि आमच्या तरुण कलावंतांच्या तोंडींही तोच शब्द बसला आहे. अशा वास्तव्यानें कलावंताच्या हातांत काय फरक पडतो, आणि दोन देशांत त्यामुळें खरोखर कांहीं देवघेव होते काय, ह्या विषयावर बोलावें असें मला सुचविण्यांत आलें. मी चित्रकार नव्हें. शाळेंत मराठी आणि इतिहास शिकविला, व चित्रकलेचे मास्तर रजेवर गेले म्हणजे त्यांचा तास सांभाळला. ह्या कलेशीं माझा संबंध तेवढाच. तेव्हां तत्त्वचर्चेच्या भानगडींत न पडतां एक हकीकत सांगतों. ती कलकत्त्यास सुरू होते, आपल्या अजिंठ्यास येते, जपानांत जाते, आणि तेथून पुन्हां आपल्याच देशांत परतते.

इ. स. १९०३ त योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन तरुण जपानी चित्रकार कलकत्त्यास आले. त्यांचे गुरु ओकाकुरा काकुझो हे आदल्याच वर्षीं बंगाल्यांत राहून गेले होते व ठाकुर घराण्याशीं त्यांचा स्नेह जुळला होता. शिष्यांस त्रिपुरा संस्थानच्या राजवाड्यांतील सजावटीचें काम मिळावें अशी योजना होती. तें काम झालें नाहीं. दोघेही मग कलकत्त्यास राहिले, ठाकुरांच्या जोडासांकोच्या वाड्यांत जाऊं येऊं लागले आणि हाताला काम नव्हतें म्हणून चित्रें काढूं लागले. ताइकाननें काली काढली, शुन्सोनें सरस्वती. ज्या कामासाठीं समुद्र ओलांडला तें बुडालें, आणि जें ठरलेलेंच नव्हतें तें घडलें.

घडलें तें असें. स्वदेशांत ह्या दोघांची त्या वेळीं फार थट्टा होत असे. जपानी चित्राचा प्राण म्हणजे रेषा. ह्यांनीं रेषा जवळ जवळ टाकून देऊन धुक्यासारखे रंग पसरण्यास आरंभ केला होता. टीकाकारांनीं त्या रीतीस 'मोरोताई', म्हणजे धूसर, अस्पष्ट, असें कुचेष्टेचें नांव दिलें. कलकत्त्यास मात्र ह्या धुक्याकडे डोळे लावून बसणारा एक गृहस्थ निघाला. ते अवनींद्रनाथ ठाकुर. ताइकान रुंद कुंचल्यानें कागदावर पाणी फिरवी तें ते पाहत बसत. पुढें त्यांनीं आपली निराळीच युक्ति काढली : रंगविलेलें चित्र सबंध पाण्यांत बुडवावयाचें, वाळवावयाचें, पुन्हां रंग द्यावयाचा, पुन्हां बुडवावयाचें. रंग कागदांत मुरून चित्रावर संध्याकाळच्या उजेडासारखी एक छाया पसरे. ह्यासच पुढें बंगाली चित्रकारांची 'वॉश' पद्धत म्हणूं लागले. १९०५ सालीं, वंगभंगाच्या ऐन खळबळींत, अवनींद्रनाथांनीं भगवी वस्त्रें ल्यालेली चतुर्भुज 'भारतमाता' काढली ती ह्याच रीतीनें. विलायती कापडाच्या होळ्या पेटत असतांना स्वदेशीची देवता जपानी पाहुण्याच्या पाण्यांतून वर आली, ही गोष्ट वर्गांत सांगितली म्हणजे मुलें हंसत. मला ती हंसण्यासारखी वाटत नाहीं. अवनींद्रनाथांनीं ताइकानचें चित्र उचललें नाहीं. पाणी उचललें, आणि त्यांत आपलें चित्र बुडविलें.

पाहुणेही रिकाम्या हातानें गेले नाहींत. शुन्सो १९११ सालींच वारला. पण ताइकाननें १९०९ त गंगेच्या घाटावर दिवे सोडणाऱ्या स्त्रियांचें जें चित्र काढलें, तें त्याच्या नांवाजलेल्या कृतींत मोडतें. कलकत्त्यास येऊन गेल्यास तोंपर्यंत सहा वर्षें लोटलीं होतीं. आजच्या एखाद्या यजमान संस्थेनें त्यास मुदतीअखेर हिशेब विचारला असता, तर गंगेवरचे हे दिवे त्याला त्यांत दाखवितां आले नसते.

आतां मूळ हकीकतीकडे वळतों. १९१६ सालीं रवींद्रनाथ जपानांत गेले आणि योकोहामा येथें हारा तोमितारो नामक रेशमाच्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या उद्यानगृहांत राहिले. तेथें त्यांनीं शिमोमुरा कांझान ह्याचें, फुललेल्या प्लमवृक्षाखालीं मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या अंध भिक्षेकऱ्याचें भव्य पडदाचित्र पाहिलें, व त्याची प्रत आपणांस मिळावी अशी इच्छा दर्शविली. प्रत काढण्याचें काम आराई कांपो ह्या अडतीस वर्षांच्या चित्रकाराकडे आलें. 'कोक्का' ह्या कलाविषयक मासिकासाठीं प्राचीन बौद्ध चित्रांच्या प्रती काढणें हा त्याचा अनेक वर्षांचा व्यवसाय होता. म्हणजे धंद्यानें तो नक्कल करणारा. रवींद्रनाथांनीं त्याचा हात पाहिला आणि कलकत्त्याच्या 'विचित्रा' ह्या आपल्या कलाशाळेंत शिकविण्याचें निमंत्रण दिलें. तो आला, १९१८ पर्यंत राहिला, व नंदलाल बसूंसारख्यांनीं त्याच्याकडून शाई आणि कुंचला ह्यांचे धडे घेतले.

ह्याच मुक्कामांत, १९१७-१८ च्या सुमारास, तो कांहीं जपानी सोबत्यांसह अजिंठ्यास आला. अजिंठा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. वाघोरेच्या नालाकृति कड्यांत पांचव्या शतकांतील, वाकाटक हरिषेणाच्या काळच्या त्या लेण्यांत, आजही डोळा सरावण्यास वेळ लागतो. उजेड बेताचा, भिंत खडबडीत, गिलावा ठिकठिकाणीं निखळलेला, आणि वर वटवाघळें. अशा जागीं प्रत काढावयाची म्हणजे सुटलेल्या रंगाच्या कडेपाशीं रेषा कोठें वळते हें शोधीत दिवसेंदिवस उभें राहावयाचें. बोधिसत्त्वाच्या भिवईची कमान आपण एका दृष्टिक्षेपांत पाहतों व पुढें जातों. प्रत काढणाऱ्यास ती पुन्हां पुन्हां काढावी लागते, तोंपर्यंत त्याचें मनगट त्या जुन्या चित्रकाराच्या मनगटासारखें वळूं लागतें. मी शाळेच्या सहली घेऊन तेथें अनेकदां गेलों. दर लेण्यास दहा मिनिटें, आणि माझ्या हातांत शिटी.

येथें एक कबुली दिल्यावांचून राहवत नाहीं. चित्रकलेचा तास सांभाळीत असतां एका मुलानें घरच्या दिनदर्शिकेवरील श्रीकृष्णाचें चित्र पंधरा दिवस खपून हुबेहूब उतरविलें होतें. मीं त्यावर तांबड्या शाईनें 'नक्कल' असें लिहिलें आणि गुण दिले नाहींत. पुढें कैक वर्षांनीं आराईची हकीकत वाचली तेव्हां तें चित्र डोळ्यांपुढें आलें; विशेषतः मोरपिसाचा डोळा, जो त्यानें मला वाटतें तीनदां तरी खोडून काढला असावा.

अजिंठ्याच्या प्रतींच्या दैवीं मात्र अग्नीच लिहिलेला. मद्रास फौजेंतील रॉबर्ट गिल हा १८४४ पासून लेण्यांत बसून तैलचित्रें काढीत राहिला; त्यांतील बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८६६ त जळालीं. गिल इकडेच राहिला, इकडेच वारला, आणि भुसावळास त्याची कबर आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनीं विद्यार्थ्यांस घेऊन १८७२ पासून पुढें अनेक हिवाळे हेंच काम केलें. त्यांतील बऱ्याचशा प्रती साउथ केन्सिंग्टन येथें १८८५ त आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. आणि आराईच्या मंडळीनें नेलेल्या प्रती टोकियोच्या विश्वविद्यालयांत ठेविल्या होत्या, त्या १९२३ च्या महाभूकंपांत भस्मसात् झाल्या. ज्या कामासाठीं हा मनुष्य अंधारांत उभा राहिला होता त्याची पांच वर्षांत राख झाली.

तरी तो मुक्काम वायां गेला काय ? जपानांत नारा शहराजवळ होर्युजी नांवाचा फार प्राचीन विहार आहे. त्याच्या मुख्य मंदिराच्या भिंतींवर सातव्या-आठव्या शतकांच्या संधिकाळांतील बुद्ध-बोधिसत्त्वांचीं चित्रें होतीं. त्यांची जातकुळी चीनमार्गें अजिंठ्यापर्यंत पोंचते, असें अनेक अभ्यासकांनीं म्हटलें आहे. १९४० सालीं त्या चित्रांच्या प्रती काढण्याचें मोठें काम सुरू झालें, आणि त्यासाठीं नेमलेल्या चार प्रमुख चित्रकारांत आराई होता. आतां तो साठी ओलांडलेला. बावीस वर्षांपूर्वीं अजिंठ्याच्या भिंतीसमोर ज्याचें मनगट वळलें, तोच हात आतां त्या घराण्याच्या दूरच्या वंशजांसमोर उभा राहिला. प्रती जळतात; पण ज्या हातानें त्या काढल्या तो हात शहाणा झालेला असतो. आराई १९४५ त वारला तेव्हां काम अपुरें होतें. आणि २६ जानेवारी १९४९ रोजीं होर्युजीचें तें मंदिरही आंतून पेटलें व मूळ भित्तिचित्रें करपून गेलीं. प्रती काढणाऱ्यांनीं थंडींत उबेसाठीं वापरलेल्या विजेच्या उपकरणामुळें आग लागली असावी, असें एक मत आहे. तें खरें असेल तर जपणाऱ्यांच्याच हातून घात झाला. १९६८ पासून त्या भिंतींवर प्रती बसविलेल्या आहेत. म्हणजे अजिंठ्यास मूळ राहिलें आणि प्रती गेल्या. होर्युजीस मूळ गेलें आणि प्रती उरल्या.

कलेची देवघेव झाली म्हणजे राष्ट्राराष्ट्रांत सलोखा नांदतो, असें सत्कारसमारंभांत नेहमीं ऐकूं येतें. ह्या हकीकतीवरून तसें म्हणण्यास जीभ रेटत नाहीं. जपानी कवि नोगुची १९३५ त ह्या देशीं पाहुणा म्हणून आला होता. १९३८ त चीनवरील स्वारीचें समर्थन करणारें पत्र त्यानें रवींद्रनाथांस लिहिलें आणि रवींद्रनाथांनीं त्यास अत्यंत कठोर उत्तर धाडलें. ताइकाननें १९४० त चित्रांच्या विक्रीची रक्कम आपल्या देशाच्या लष्करास व आरमारास विमानांसाठीं देऊन टाकली. गंगेवरचे दिवे काढणारा तो हाच. परदेशीं राहिल्यानें कुंचला सुधारतो. मनुष्य सुधारतोच असें नाहीं, आणि यजमानांनीं तशी अपेक्षा ठेवून खोली देऊं नये.

आजच्या रेसिडेन्सीविषयीं थोडें. माझा एक जुना विद्यार्थी मुद्राचित्रें काढतो. तो युरोपांतील एका लहान गांवीं तीन महिने राहून आला. जाण्यापूर्वीं तेथें काय करणार तें लिहून द्यावयाचें, गेल्यावर मध्यंतरीं व्याख्यान, शेवटीं प्रदर्शन, परतल्यावर अहवाल. तो म्हणाला, "सर, करण्यापेक्षां करणार काय तें लिहिण्यांतच जास्त दिवस गेले." अहवाल त्यानें मला वाचावयास दिला. त्यांत 'संवाद' हा शब्द इतके वेळां आला होता कीं मास्तरकीच्या संवयीनें मीं पेन्सिल हातीं घेतली. परंतु एक गोष्ट त्यानें अहवालांत लिहिलीच नव्हती, ती चहा पितांना सांगितली. शेजारीं एक वृद्ध मुद्राकार राहत असे. त्या दोघांस एकमेकांची भाषा येत नव्हती. तांब्याच्या पत्र्यावरील शाई फडक्यानें पुसून झाल्यावर अखेरचा हात उघड्या तळव्यानें, अगदीं हलका, कसा फिरवावा हें त्या म्हाताऱ्यानें ह्याचा हात धरून दाखविलें. "तेव्हांपासून माझे काळे रंग बदलले," असें सांगून त्यानें मला आपला तळवा दाखविला. मीं विचारलें, मग हें अहवालांत कां नाहीं ? तो म्हणाला, "हें कोणत्या मथळ्याखालीं घालावें तें कळेना."

दोन वर्षांपूर्वीं काशीयात्रेच्या निमित्तानें सारनाथास गेलों होतों. तेथील मूलगंधकुटी विहारांत बुद्धचरित्राचीं मोठालीं भित्तिचित्रें आहेत. तीं १९३२ ते १९३६ ह्या वर्षांत कोसेत्सु नोसु ह्या जपानी चित्रकारानें काढलीं. अजिंठ्यास आराईबरोबर ज्यांनीं काम केलें त्यांतलाच हा एक. सावकाश चालत भिंती पाहिल्या. एका स्त्रीच्या मानेचें वळण पाहून पहिल्या लेण्याची आठवण झाली, आणि जरा पुढें सरकतों तों पाठीमागचीं झाडें व ढग पाहून वाटलें, हीं इकडचीं नव्हत. बरोबरच्या यात्रेकरूंत नागपूरचे एक वृद्ध गृहस्थ होते. ही चित्रें कोणीं काढलीं म्हणून त्यांनीं विचारलें, मीं सांगितलें. त्या मनुष्यानें अजिंठ्याचीं चित्रें उतरवून नेलीं तीं कोठें पाहावयास मिळतील, असें त्यांनीं पुन्हां विचारलें. तीं भूकंपांत जळालीं, असें मीं म्हटलें. ते कांहीं बोलले नाहींत. चष्मा पुसून पुन्हां डोळ्यांवर चढविला आणि भिंतीच्या अगदीं जवळ जाऊन उभे राहिले. बाहेर गाडीवाला हांका मारीत होता, म्हणून मी निघालों. ते आणखी बराच वेळ आंतच होते.