दुसरा अंक
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



कमिटीने मला ‘बँकेतले अनुभव’ हा विषय दिला होता. मी तो मागून बदलून घेतला. बँकेचं बोलायला लागलं की निम्मे लोक झोपतात आणि उरलेले एफडीचा व्याजदर विचारतात. शिवाय तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे, की नोकरीत असताना सात-आठ वर्षं मी इथल्या एका दैनिकात नाटकांची परीक्षणं लिहीत होतो. मानधन रिक्षाभाड्यापुरतं, पण रुबाब मोठा. हुतात्मा स्मृतिमंदिरात पुढच्या रांगेत खुर्ची, मध्यंतरात आत बोलावून चहा. क्लार्क माणसाला आणखी काय पाहिजे?

1988 सालची गोष्ट. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी चालू होती. एका हौशी संस्थेचं दोन अंकी नाटक होतं. सुनेचं काम करणाऱ्या बाईंचा आवाज फार लहान. मी लिहिलं, “बाईंचा आवाज तिसऱ्या रांगेत पोचेपर्यंत मध्यंतर झाले.” दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये सगळे हसले. मॅनेजर साहेबांनीसुद्धा ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. मी खूष!

पुढे सोळा-सतरा वर्षांनी, मी अधिकारी झालो होतो तेव्हा, एक बाई लॉकरच्या कामासाठी आल्या. फॉर्मवरचं माझं नाव वाचून थांबल्या आणि ते वाक्य त्यांनी मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मला घाम फुटला. त्या मात्र शांत होत्या. म्हणाल्या, “आवाज लहान होता, ते बरोबर लिहिलंत. पण दुसऱ्या अंकात ती सून बोलायचीच बंद होते. मला एकही वाक्य नव्हतं. तो अंक कसा झाला, ते तुम्ही लिहिलंच नाही. तुमची खुर्ची रिकामी होती. स्टेजवरून दिसते हो.”

खरं होतं ते. पान अकराला सोडायचं असायचं, म्हणून मी मध्यंतरातच सायकल काढून प्रेस गाठायचो. मी विचारलं, नंतर नाटकात कामं केलीत का? त्या म्हणाल्या, “सासरी पेपर येत होता ना.”

आमच्या बँकेत इन्स्पेक्शनला अधिकारी यायचे. तिजोरी न उघडता ‘कॅश तपासली, बरोबर आहे’ असं लिहिणाऱ्याला आम्ही पाठीमागे काय म्हणायचो, ते इथे माताभगिनींसमोर सांगत नाही. मी तरी वेगळं काय केलं होतं?

तेव्हापासून मला एक खोड लागली. नटनट्यांची चरित्रं वाचताना, आणि त्यांच्यावरची परीक्षणंही, मी दुसरा अंक शोधतो. बालगंधर्वांचंच घ्या. 12 मार्च 1911, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली, तरी नारायणराव भामिनी होऊन उभे राहिले. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि डोळे पुसतो. पुसावेतच. पण त्या दिवशी घरात लक्ष्मीबाई होत्या. मुलगी त्यांचीही होती. त्यांच्यावर चरित्रकाराने किती पानं दिली, हे परीक्षण लिहिणाऱ्याने नको विचारायला? आणि उतारवय? साठीकडे झुकल्यावरही ते लुगडं नेसून उभे राहत होते. 1964 साली पद्मभूषण, 1967 साली निधन. वैभवाची पानं कुणीही लिहील. शालू, अत्तर, मखमल यांचं वर्णन करायला समीक्षक कशाला लागतो?

उलट हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’. नाव त्यांच्या 1959 च्या गाजलेल्या चित्रपटाचं, पुस्तक आलं 1970 साली. आम्ही तरुण पोरं ते लायब्ररीतून कव्हर घालून आणत होतो आणि नको ती पानं आधी उघडत होतो. पुढे 1977 मध्ये श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ पाहिला आणि पुस्तक पुन्हा काढलं. कोवळ्या वयात कॅमेऱ्यासमोर उभी केलेली पोर, आणि तिच्या कमाईवर चाललेलं घर. हे सगळं पुस्तकात होतंच की! मीच वाचलं नव्हतं.

गावच्या माणसाचं तर आणखी अवघड. फैयाज आपल्या सोलापूरच्या. ‘कट्यार काळजात घुसली’ म्हटलं की आपली छाती फुगते. 2015 ला बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा मी स्वतः पेढे वाटले. पण पेढे वाटणं आणि परीक्षण लिहिणं ही दोन खाती आहेत. एकातली रक्कम दुसऱ्यात वळवता येत नाही. ‘चांगला प्रयत्न, सर्वांनी छान कामे केली’ हेही न पाहताच लिहिता येतं. तसंही मी भरपूर लिहिलंय. त्याबद्दल कुणी जाब विचारायला आलं नाही, एवढंच.

असो. परवा आपल्या पार्किंगमध्ये मुलांचं नाटक झालं. स्मरणिकेसाठी त्यावर चार ओळी लिहा, असं सेक्रेटरी साहेबांनी सांगितलंय. डास फार होते, दोनदा लाईट गेली, तरी मी शेवटपर्यंत बसलो. बी विंगमधल्या प्रधानजींचे संवाद मागे ऐकू येत नव्हते. ते मी त्याला तिथेच सांगितलं. पण राजा वाक्य विसरला, तेव्हा याने जे पागोटं सारखं केलं आणि राजाच्या कानाशी वाकला, ते तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलं? तेव्हा बरेचजण पावभाजीच्या रांगेत होते.