सुकी अळिंबी घेताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाची सुकवलेली ४ किलो धिंगरी अळिंबी वाया गेली. ४ किलो सुकी म्हणजे जवळपास ४० किलो ओली! घाईत पिशव्या बंद केल्या, आत ओल राहिली, बुरशी धरली. एक ताई म्हणाल्या, "दळून पावडर करू, कुणाला कळतंय?" खरंच, कुणालाही कळलं नसतं. बराच वाद झाला, पण शेवटी माल खड्ड्यात पुरला.

म्हणून सांगते, तयार पावडर घेण्यापेक्षा सुकी अळिंबी घ्या आणि घरी मिक्सरमधून काढा. तुकडा मोडून बघा. कट्कन तुटला तर चांगला, वाकला तर ओल आहे. काळे डाग, कुबट वास नको. पाकिटावरची तारीख आणि परवाना क्रमांक वाचा. रानातली अनोळखी अळिंबी तर सुकवलेलीही घेऊ नका. वाळवून, शिजवून तिचं विष जातंच असं नाही.

रस्सा करायचा तर अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, पिळून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात परता. भिजवलेलं पाणी फेकू नका, सगळी चव त्यात उतरते. तळाचा गाळ सोडून वरचं पाणी गाळून रश्शात घाला, उकळी येऊ द्या. पावडर थालीपिठाच्या पिठात छान लागते, चौघांना दोन चमचे पुरे. पिठल्यातही चालते म्हणतात, आमच्या सासूबाईंना काही पटलं नाही. बरणीत चमचा मात्र कोरडाच घाला, आणि झाकण लगेच लावा.