पॅडल निवडताना परतीचा विचार करा

उन्हाळा आला, मुलांना सुट्ट्या लागल्या, कुणाकडे भारतातून आई-बाबा आले आहेत आणि शनिवार-रविवारी तळ्यावर जायचे बेत ठरताहेत. तिथे उभ्यानं वल्हवायचे पॅडलबोर्ड तासाच्या भाड्यानं मिळतात. काहींनी हवा भरायचा बोर्ड विकतही घेतला असेल. बोर्ड निवडताना आपण आठवडाभर लोकांचे अभिप्राय वाचतो. पॅडल मात्र खोक्यात जे येईल ते, किंवा भाड्याच्या दुकानातला मुलगा जे हातात देईल ते.

आज बोलायचं आहे ते या पॅडलबद्दल, म्हणजे आपल्या वल्ह्याबद्दल. कारण बोर्ड तुम्हाला फक्त तरंगत ठेवतो. काठावर परत आणतं ते पॅडल.

आपल्याकडच्या होडीचं वल्हं होडीच्या कडेला टेकलेलं असतं आणि वल्हवणारा बसलेला असतो. पॅडलबोर्डवर तुम्ही उभे असता आणि वल्ह्याला टेकू असतो तो तुमच्या शरीराचाच. ही पद्धत हवाईची. विसाव्या शतकाच्या मध्यावर वायकिकीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारे काही जण सर्फबोर्डवर उभे राहून होडीचं लांब वल्हं वापरायचे. तिथून पुढे हा खेळ तळी आणि नद्यांपर्यंत पोचला.

आता पॅडलची लांबी. ढोबळ हिशेब सोपा आहे. तुमच्या उंचीत ८ ते १० इंच मिळवा. आई ५ फूट २ इंच असेल तर पॅडल साधारण ५ फूट १० इंच ते ६ फूट. बाबा ५ फूट १० इंच असतील तर साधारण साडेसहा फूट. टेप जवळ नसेल तर पॅडल शेजारी उभं धरा आणि हात सरळ वर करा. मूठ मनगटापाशी आली म्हणजे लांबी बरोबर. पॅडल फार लांब असेल तर प्रत्येक फटक्याला वरचा हात खांद्याच्या वर जातो आणि अर्ध्या तासात खांदा बोलायला लागतो. फार आखूड असेल तर कमरेत वाकावं लागतं.

म्हणून घरात एकच पॅडल आळीपाळीनं वापरणार असाल तर लांबी कमीजास्त करता येणारं घ्या, आणि माणूस बदलला की लांबी बदला. दांड्यावर आकडे असतात. प्रत्येकानं आपला आकडा लक्षात ठेवावा. लहान मुलांसाठी मात्र मुलांचंच पॅडल घ्या. ४ फूट उंचीच्या मुलाला साधारण पावणेपाच फुटांचं पॅडल लागतं. मोठ्यांची बहुतेक पॅडल एवढी आखूड होतच नाहीत.

दुसरी गोष्ट वजन. ॲल्युमिनियमचं पॅडल स्वस्त आणि दणकट, पण वजन साधारण एक किलो. कार्बन फायबरचं त्याच्या जवळजवळ निम्मं. फायबरग्लास या दोहोंच्या मधलं. अर्ध्या किलोनं काय फरक पडतो? मिनिटाला ३० फटके धरले तर तासाला १८०० होतात. म्हणजे तासाभरात ९०० किलो जास्तीचं उचललं. वर्षातून दोनदा भाड्यानं घेणाऱ्यानं याची फिकीर करू नये. दर आठवड्याला जाणाऱ्यानं जास्तीचे पैसे बोर्डावर घालण्याऐवजी पॅडलवर घालावेत. पात्याचंही तसंच आहे. मोठं पातं जास्त पाणी ओढतं, पण तितकाच जोर मागतं. सडपातळ माणसानं आणि नवशिक्यानं लहान पातं घ्यावं.

आता पॅडल धरायचं कसं? नवशिके हमखास ते उलटं धरतात. पातं दांड्याला सरळ जोडलेलं नसतं, थोडं कललेलं असतं. तो कल पुढे, म्हणजे बोर्डच्या नाकाकडे हवा. चमच्यानं आमटी ओढावी तसं पाणी ओढायचं असेल असं वाटून आपण पातं आपल्याकडे वळवतो. तसं केलं की फटक्याच्या शेवटी पातं पाणी वर उचलतं आणि तुमचा जोर वाया जातो.

एक हात दांड्याच्या टोकाच्या मुठीवर, दुसरा खाली दांड्यावर. दोन्ही हातांनी दांड्यालाच धरू नका. उजवीकडे वल्हवताना डावा हात वर, डावीकडे वल्हवताना उजवा. पातं पुढे, बोटांच्याही पलीकडे, पूर्ण पाण्यात बुडवा आणि मगच ओढा. जोर दंडात नको, कमरेपासून वळा. पातं घोट्यापाशी आलं की बाहेर काढा. त्यापुढे ओढत नेलं तर बोर्ड पुढे जाण्याऐवजी वळायला लागतो. वळायचंच असेल तर पॅडल बोर्डपासून लांब, अर्धगोल फिरवा. उजवीकडून फिरवलं की नाक डावीकडे वळतं.

आणि आता वारा. उभा माणूस म्हणजे एक शीडच. वारा काठाकडून तळ्याकडे वाहत असेल तर जाताना मजा येते, पाच मिनिटांत कुठल्या कुठे जातो. परतताना तोच वारा तोंडावर. म्हणून निघताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे थकल्यावर वारा घरी आणेल. वारा वाढला तर लगेच गुडघ्यांवर बसा, दांडा खालून धरा आणि छोटे छोटे फटके मारा. तेही जमेना तर पोटावर झोपा, पॅडल छातीखाली घ्या आणि हातांनी वल्हवा. पाण्यात पडलात तर आधी बोर्ड पकडा, पॅडल नंतर. बोर्ड सोडून पोहत काठ गाठायचा विचारही करू नका. तळ्यावर बोर्डची दोरी पायाला बांधा. वाहत्या नदीत ती पायाला बांधू नये, कारण फांदीत अडकली तर पाण्याखाली हात पोचत नाही. तिथे कमरेला, झटक्यात सुटणारी दोरी लागते.

कायदाही ऐकून ठेवा. २००८ साली अमेरिकेच्या कोस्ट गार्डनं ठरवलं की पोहण्याच्या आणि सर्फिंगच्या राखीव जागेबाहेर गेलेला पॅडलबोर्ड ही नौकाच आहे. म्हणून प्रत्येक माणसामागे कोस्ट गार्डची मान्यता असलेलं, मापाचं लाइफ जॅकेट बोर्डवर हवंच. सोबत शिट्टी ठेवा. संघराज्याच्या नियमानुसार १३ वर्षांखालच्या मुलांनी जॅकेट अंगात घातलेलं हवं. अनेक राज्यांनी वयाची अट स्वतंत्र ठेवली आहे, तेव्हा आपल्या राज्याचा नियम बघून घ्या.

पण कायद्याच्या पुढची गोष्ट सांगते. आपल्यापैकी अनेकांच्या आई-बाबांना पोहता येत नाही, आणि आपल्यातल्याही बऱ्याच जणांना नीटसं येत नाही. हे सांगायला लोक संकोचतात. त्यांच्यासाठी कमरेला बांधायचा, ओढल्यावर फुगणारा पट्टा उपयोगाचा नाही. त्यांना फोमचं जॅकेट द्या आणि काठावरच अंगात घालून बंद करा. पाणी शांत दिसतं म्हणून फसू नका. लेक टाहोचं पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं आणि अचानक पडलं की श्वास अडकतो. ऑस्टिनच्या लेडी बर्ड लेकमध्ये पॅडलबोर्डांची गर्दी असते, पण तिथे पोहायला १९६४ पासून बंदी आहे. सगळे गेलेत म्हणजे सुरक्षित आहे, असा हिशेब नाही.

घरी आल्यावर एक काम. समुद्रावर गेला असाल तर पॅडल गोड्या पाण्यानं धुवा आणि जोड सुटे करून वाळवा. मीठ आणि वाळू अडकली की दांडे एकमेकांत रुतून बसतात.

तर येत्या शनिवारी निघण्यापूर्वी अंगणात सगळ्यांना ओळीनं उभं करा आणि प्रत्येकाचं पॅडल मापून घ्या. आजीचंसुद्धा. दहा मिनिटांचं काम आहे. पाण्यावर मजेत जा आणि सगळे मिळून परत या. भेटू पुढच्या भागात.