फ्लॉपीवरचा ठसा



ग्रंथपालांच्या अधिवेशनात अध्यक्षाने वाचनसंस्कृतीच्या भवितव्याची चिंता वाहावी, असा रिवाज आहे. तो आज मोडतो आणि अमेरिकेतल्या एका जुन्या खटल्याबद्दल बोलतो. पुस्तकांच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवून आलेल्या ज्या सीड्या आपल्या कपाटांत बुरशी खात पडल्या आहेत, त्यांचा या खटल्याशी संबंध आहे.

‘व्हॉल्ट’ ही कंपनी ‘प्रोलॉक’ नावाच्या फ्लॉप्या विकायची. सॉफ्टवेअरवाले त्या घेऊन त्यांवर आपले प्रोग्रॅम भरत. या फ्लॉपीच्या चुंबकीय थरावर एक बारीकसा ठसा असे, पुसता न येणारा. आतला प्रोग्रॅम खुशाल उतरवून घ्या. पण ठशाची मूळ फ्लॉपी यंत्रात नसली, तर नक्कल ढिम्म चालायची नाही. कॅनडातल्या ‘क्वेड’ कंपनीने प्रोलॉक विकत घेतली, तिचा पिंजून अभ्यास केला आणि ‘रॅमकी’ नावाची सोय बाजारात आणली. नकलेवरही ठसा आहे, असं ती यंत्राला भासवी. व्हॉल्टने लुइझियानात दावा ठोकला. परवान्यातल्या अटींना बळ देणारा खास कायदाच त्या राज्याने केलेला होता.

तरीही १९८८ साली अपिलात व्हॉल्ट हरली. मेहनतीने केलेला माल फुकट वाटला जाताना बघून येणारी चीड मला समजते. पण न्यायालयाने विचार केला तो गिऱ्हाइकाचा. प्रोग्रॅमची राखीव प्रत काढायची मुभा त्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने दिलेली होती. फ्लॉपी यंत्राच्या बिघाडाने जाते, तशी माणसाच्या वेंधळेपणानेही जाते. मूळ फ्लॉपी गेल्यावर जी चालतच नाही, ती राखीव प्रत कसली? रॅमकीचा असा सरळ, कायदेशीर उपयोग होता, म्हणून ती विकणं गैर ठरलं नाही. परवान्याच्या जोरावर प्रोग्रॅम उलगडून पाहायला बंदी घालणारं राज्याचं कलमही केंद्रीय कायद्यापुढे टिकलं नाही.

पुढे १९९८ मध्ये तिथलं वारं फिरलं. नव्या कायद्याने नक्कल अडवणारी अशी कुलपं उघडायची हत्यारं विकण्यावरच बंदी आणली.

आपला कॉपीराइट कायदा तेवढा कडक नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तरच. रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत काढायलाही आपल्याकडे मुभा आहे. असं असून आपण सीडीला हात लावायला घाबरतो, आणि ती घाबरत घाबरतच मरू देतो!

खरी अडचण वेगळी आहे. जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायची सवलत सार्वजनिक ग्रंथालयाला आहे, मात्र त्या ग्रंथाची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून संग्रही हवी. कागदी पुस्तक त्यात बसतं. नुसता सीडीवर निघालेला ग्रंथ बसत नाही, आणि आधी नासणार आहे तो तोच. ही अट काढून टाका, अशी मागणी या अधिवेशनाने ठरावाने करावी.

आणखी एक. दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कामाचं कारण यांची पूर्ण नोंद ठेवावी, असं कायदा सांगतो. नोंदी ठेवण्यात आपला हात कोण धरणार? गावी परतल्यावर दाखल रजिस्टरातून सीड्यांची यादी काढा, कोणती अजून चालते ते पाहा, आणि ही दुसरी नोंदवहीही उघडून ठेवा.