ताप उतरणे आणि बरे होणे
(पहाडगंज, दिल्ली येथे मराठी वाचकांपुढे अनुवादिकेने केलेले भाषण)



न्यूमोनियाविषयीच्या लेखनाचे भाषांतर करताना मला सर्वांत अधिक कोणी अडविले असेल, तर ते एखाद्या अवघड पारिभाषिक संज्ञेने नव्हे. 'रिकव्हरी' या अगदी साध्या शब्दाने. मी वैद्यक शिकलेली नाही. मराठी घेऊन एम. ए. झाले, एवढाच माझा अधिकार. म्हणून आज मी शब्दाच्या वाटेने जाणार आहे. मात्र ही वाट रोग्याच्या खाटेपाशीच पोहोचते.

इंग्रजीत ताप गेला तरी 'रिकव्हरी', आणि माणूस पुन्हा कामाला लागला तरीही 'रिकव्हरी'च. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी मात्र या अवस्था वेगवेगळ्या ओळखल्या होत्या. औषधाला 'गुण येतो', आजाराला 'उतार पडतो', आणि मग कितीतरी दिवसांनी माणूस 'हिंडूफिरू लागतो'. आधुनिक वैद्यक जंतुजन्य न्यूमोनियाविषयी जे सांगते, ते या तीन शब्दप्रयोगांत जवळजवळ सारे सामावले आहे.

प्रतिजैविके नव्हती तेव्हा हा रोग सातव्या ते दहाव्या दिवशी आपला निकाल देत असे. दरदरून घाम सुटून ताप एकाएकी उतरे, नाहीतर रोगी दगावे. घरच्यांच्या हाती दिवस मोजण्यापलीकडे काही नसे. 1938 साली सल्फापिरिडीन हे औषध आले आणि पुढच्या दशकात पेनिसिलीन सर्वत्र वापरात येऊ लागले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य होते. औषध योग्य असेल तर आता दोनतीन दिवसांतच ताप हटू लागतो. तो तसा हटला नाही, तर डॉक्टरांकडे पुन्हा जावयास हवे.

घोटाळा होतो तो इथून पुढे. प्रतिजैविक जंतूंचा नाश करते. फुप्फुसाची डागडुजी करणे हे त्याचे काम नव्हे. फुप्फुसातील वायुकोश द्रवाने, पुवाने आणि मेलेल्या पेशींनी भरलेले असतात. तो गाळ शरीरातील भक्षक पेशी हळूहळू उपसून काढतात. त्यांच्या कामाला आपली घाई ठाऊक नसते! 2014 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत प्रौढ रोग्याला सांगावयाचे वेळापत्रकच दिले आहे. आठवड्याभरात ताप गेलेला असावा. चार आठवड्यांत छातीतील वेदना आणि बेडका बराच कमी व्हावा, सहा आठवड्यांत खोकला आणि धाप. तीन महिन्यांनी बहुतेक तक्रारी संपलेल्या असतात, पण थकवा उरू शकतो. पूर्ववत वाटावयास बहुतेकांना सहा महिनेही लागू शकतात. आणि औषध? सौम्य आजारात ते बहुधा पाच दिवसांचे असते.

पाच दिवस आणि सहा महिने! हे अंतर ज्याला कोणी समजावून सांगितले नाही, तो दोन्हींपैकी एक चूक करतो. पहाडगंजच्या हॉटेलांत राबणारा मुलगा किंवा समोरच्या स्थानकावरचा हमाल तिसऱ्या दिवशी ताप उतरताच उरलेल्या गोळ्या उशाशी ठेवून ओझे उचलावयास जातो. त्याला दोष देणे सोपे आहे. पण एका दिवसाची मजुरी बुडणे म्हणजे काय, हे आपणही जाणता. दुसरीकडे खातापिता गृहस्थ तिसऱ्या आठवड्यातही खोकला आहे म्हणून औषधाच्या दुकानात जाऊन आणखी 'जबर' गोळी मागतो. काही प्रतिजैविकांच्या विक्रीची वहीत नोंद ठेवणे दुकानदारांना 2014 पासून बंधनकारक आहे, ते याच सवयीमुळे. त्याचा खोकला हा बहुधा गाळ उपसला जात असल्याचा खोकला असतो. त्याला नवे औषध नको, अवधी हवा.

मुलांच्या बाबतीत काळाचा हिशेब निराळा, आणि अधिक निकडीचा. दिल्लीतील आई म्हणते, 'पसली चल रही है'. आपल्याकडे त्यालाच 'डबा' म्हणत. हे निदान अडाणीपणाचे नाही. बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जातो, हे त्या माउलीने अचूक पाहिलेले असते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ज्ञान कामास लावले. गावातील आरोग्यसेवक आणि सुइणी यांना त्यांनी श्वास मोजावयास व औषध द्यावयास शिकविले. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे आणि मिनिटभराच्या वाळूच्या घड्याळाचे साधन केले. 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा वृत्तांत आला. या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या 612 रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा 0.8 होते, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते शेकडा 13.5 होते. औषध कोट्रायमोक्साझोल, म्हणजे त्या काळचे अगदी साधे. फरक पडला तो ते वेळेवर घरापर्यंत पोहोचल्यामुळे.

किती दिवस औषध द्यावे, याचाही शोध आपल्या देशातच घेतला गेला. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांखालील 2188 मुलांचा समावेश होता. त्यांचा न्यूमोनिया तीव्र नव्हता. अमॉक्सिसिलिन तीन दिवस घेतलेल्यांपैकी शेकडा 89.5 बरी झाली आणि पाच दिवस घेतलेल्यांपैकी शेकडा 89.9. म्हणजे अधिक दिवस हे अधिक गुणाचे असतेच असे नाही. परंतु यावरून कोणी आपल्याच मनाने तिसऱ्या दिवशी औषध बंद करू नये. मूल धापा टाकीत असेल, त्याला दूध घेता येत नसेल, तर तो आजार या हिशेबात बसत नाही. त्याला इस्पितळातच न्यावयास हवे.

भाषांतरात मी काय केले, ते सांगून थांबते. जिथे मूळ लेखकाला जंतू हटल्याचे म्हणावयाचे होते तिथे 'गुण येणे' लिहिले, ताप आणि धाप ओसरल्याचे म्हणावयाचे होते तिथे 'उतार पडणे'. 'बरे होणे' हा शब्द शेवटच्या, लांबच्या टप्प्यासाठी राखून ठेवला. पन्नाशीपुढच्या आणि धूम्रपान करणाऱ्या रोग्यांना सुमारे सहा आठवड्यांनी पुन्हा क्ष-किरण छायाचित्र काढावयास सांगतात, कारण न्यूमोनियाच्या सावलीआड कधी दुसराच विकार दडलेला असतो. त्या परिच्छेदात मला 'रिकव्हरी'साठी कोणताच शब्द वापरवला नाही. तिथे नुसते 'तपासणी' असे लिहिले आहे.